अन्य भाषा

१२ ऑक्टोबर, सातारा

आज चौघांचेही व्हिसा आले. शांतवननी चारही पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले, त्यांवर हात ठेवला आणि उभ्यानंच प्रार्थना केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्याचा आवाज असा थरथरताना मी क्वचितच ऐकला आहे.

दक्षिण कोरिया! दर वर्षी नववीच्या वर्गात मी नकाशावर काठी ठेवते, "पूर्व आशियातलं द्वीपकल्प" म्हणते आणि जपानकडे सरकते. भूगोल शिकवण्यात निम्मं आयुष्य गेलं आणि माझा स्वतःचा भूगोल गोव्यापाशी संपतो. आता तिथल्या चर्चच्या एका मोठ्या मंडळीनं जगभरातून विश्वासणारे बोलावले आहेत. संजीवन संमेलन. साताऱ्याहून आमचे पाळक जोतीराम आणि आम्ही चौघं. शांतवन मंडळीचे वडीलजन आहेत आणि हल्ली त्यांचं एकच म्हणणं असतं, "आपण सगळे थंड पडलोय सुलोचना. उपासनेला येतो, घड्याळ बघतो, घरी जातो."

सासूबाईंना न्यावं का, यावर व्हिसाच्या आधी जरा खल झाला होता. त्या अठ्ठ्याहत्तरच्या. पण त्यांच्याइतकी प्रार्थना करणारं माणूस आमच्या ओळखीत नाही. शाहूपुरीतल्या हिंदू बायकासुद्धा तापलेलं पोर घेऊन येतात, "बयाबाई, जरा हात ठेवा," म्हणतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "देव तितं बी हाय न्हवं? मग म्या बी येती."

लेकीचा, करुणाचा, मिरजेहून फोन आला. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळं घरातलं प्रत्येक माणूस तिला पेशंट दिसतं. "आई, जायच्या आधी आज्जीला दाखव कुणाला तरी. मागल्या रविवारी तिनं मला विचारलं, तू कुणाची गं?"

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. आल्यावर बदलू.

१९ ऑक्टोबर

बॅगा भरल्या. थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, सासूबाईंच्या गोळ्या, सगळ्यांची थर्मल. सासूबाईंनी स्वतःची पिशवी कधीच भरून उंबऱ्याशी ठेवली आहे आणि दिवसभर तिच्या शेजारी बसून असतात. आज चहात मीठ घातलं. मी हसले, शांतवन हसले, त्या मात्र हसल्या नाहीत. कपाकडे बघत राहिल्या. प्रवासाचं दडपण असणार. आयुष्यात पुण्यापलीकडे न गेलेली बाई.

त्यांचं माहेर म्हणून काही नाहीच. जतकडच्या दुष्काळी मुलखातून लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात आणून ठेवलेली पोर, एवढंच आम्हाला माहीत. लग्न झालं तेव्हा मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाल्या, "बोर्डिंगच माजं म्हायेर." पुढं कधी विचारलं नाही.

२२ ऑक्टोबर, विमानात

ढगांच्या वरून उजाडलं. पर्जन्य, बाष्पीभवन, ढगांचे प्रकार, सगळं मी फळ्यावर काढते. ढग वरून असे दिसतात हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. नांगरलेल्या रानासारखे, आणि त्या रानाला कुठं बांधच नाही. मी सासूबाईंना खिडकीशी बसवलं होतं. त्या खूप वेळ बघत होत्या, मग हळूच म्हणाल्या, "समदं पीठ सांडलंय गं. कोन गोळा करायचं आता?"

मी आणि करुणा हसून हसून दमलो. पण मग मीही त्यांच्या खांद्यावरून बघत राहिले आणि मला वाटलं, निर्माणकर्त्याचं पीठ सांडलं तर ते असंच दिसेल.

२३ ऑक्टोबर, कोरिया

लिहायला शब्द नाहीत, तरी लिहिते.

संमेलनाची जागा शहराबाहेर डोंगराच्या कुशीत आहे. रस्त्याच्या दोन्ही कडांना पिवळीधमक झाडं. पानं पंख्याच्या आकाराची, गळून पडतात तीही पिवळीच. थंडी पाचगणीच्या जानेवारीसारखी, पण कोरडी. आमची व्यवस्था वसतिगृहासारख्या इमारतीत आहे, मी-करुणा-सासूबाई एका खोलीत, शांतवन पाळकांबरोबर शेजारच्या.

संध्याकाळी पहिली सभा. आत पाऊल टाकलं आणि मी थांबलेच. मागच्या माणसानं धक्का दिला तेव्हा हलले. साताऱ्याचं आख्खं मैदान छताखाली घ्यावं इतका तो हॉल. आफ्रिकेतले, फिलिपाइन्सचे, ब्राझीलचे, मंगोलियाचे लोक, आपापल्या वेशात. वर्गातली भिंतीवरची पृथ्वी खाली उतरून खुर्च्यांवर बसली होती. कानाला लावायला हेडफोन, त्यावर भाषण हिंदीतून ऐकू येतं.

यजमान मंडळीचे वृद्ध पाळक आहेत, पास्टर हान. बारीक, वाकलेले, आवाज मात्र मोठा. ते म्हणाले, आता सगळे मिळून प्रार्थना करू. मला वाटलं, एक जण करील आणि आपण आमेन म्हणू. तर सगळे उभे राहिले, हात वर केले आणि एकदमच ओरडले, "जुयो! जुयो! जुयो!" म्हणजे 'हे प्रभू'. आणि मग प्रत्येक जण आपापली प्रार्थना मोठ्यानं करू लागला. हजारो माणसं. माझ्या पायाखालची फरशी हलत होती, हे मी वाढवून लिहीत नाही. कृष्णामाईच्या पुरात पुलावर उभं राहिलं की पोटात जो आवाज भरतो, तसा.

शांतवन रडत होते. उद्या त्यांच्या आईच्या अंत्यविधीलासुद्धा हा माणूस रडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी मात्र नुसती बघत राहिले. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. इतक्या लांब येऊन मी प्रार्थना विसरले की काय?

२४ ऑक्टोबर

इथं पहाटेची प्रार्थना असते, रोज. अंधारात सगळी म्हातारी माणसं उशा घेऊन जमिनीवर येऊन बसतात. सासूबाईंच्या शेजारी त्यांच्याच वयाची एक कोरियन आजी येऊन बसली. तिनं सासूबाईंचे गार हात आपल्या हातात घेतले आणि चोळत राहिली. ती कोरियनमधून काहीतरी पुटपुटे, या मराठीतून "व्हय माय, व्हय माय" म्हणत. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघींचं छान चाललं होतं.

नाश्त्याला आंबवलेला तिखट कोबी, किमची. शांतवननी ताट दूर सारलं. सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं.

दुपारी त्या बाथरूमला जाऊन परत येताना दुसऱ्याच मजल्यावर गेल्या. करुणाला सापडल्या. करुणा माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, इथले सगळे दरवाजे सारखेच आहेत, मीही चुकते.

२५ ऑक्टोबर

आज देवानं आमच्या घराला हात लावला.

संध्याकाळची सभा. तोच पुरासारखा आवाज. सासूबाई माझ्या आणि शांतवनच्या मध्ये उभ्या होत्या. एकाएकी त्यांनी डोळे उघडले. त्यांचा आवाज बदलला. बारीक, वर चढलेला, लहान मुलीसारखा. आणि त्या बोलू लागल्या. मराठी नव्हे. हिंदी नव्हे. भराभर, न अडखळता, हात पुढं करून, समोर कुणीतरी उभं असल्यासारखं. गालांवरून पाणी वाहत होतं.

शांतवननी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला आहे. "अन्य भाषा," ते म्हणाले. "सुलोचना, आई अन्य भाषेत बोलतेय!"

पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला आणि शिष्य न शिकलेल्या भाषांत बोलू लागले, हे प्रवचन मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्या साताऱ्याच्या शांत मंडळीत असलं काही कधी घडलं नाही. आणि आता ते माझ्या सासूच्या तोंडून घडत होतं. त्यातले दोन शब्द मला स्पष्ट कळले. एक, "अब्बा, अब्बा." बाप! प्रभूनं पित्याला ज्या शब्दानं हाक मारली तोच. आणि दुसरा, "नीर." जीवनाचं पाणी! ज्या बाईचं शिक्षण बोर्डिंगातल्या जेमतेम अक्षरओळखीपुरतं, तिच्या तोंडी संस्कृत शब्द कुठून यावा?

आजूबाजूचे लोक गोळा झाले. ब्राझीलची एक बाई गुडघ्यांवर बसली. आमच्या मागच्या रांगेत कर्नाटकातला गट आहे, त्यातली इलकल नेसलेली एक बाई तोंडाला पदर लावून हमसून रडत होती.

माझेही हात वर गेले. ते दोन दिवस कुठं अडकले होते कोण जाणे. मी रडले, बोलले, काय बोलले आठवत नाही. देवा, तू आहेस. इतक्या जवळ आहेस.

२६ ऑक्टोबर, सकाळ

उठले तर सासूबाई आतून खोलीच्या दारावर थापा मारत होत्या. हळूहळू, लयीत. मला भरून आलं. प्रभू दाराशी उभा राहून ठोकतो, हे किती वेळा ऐकलं आहे. करुणानं उठून त्यांना पलंगावर बसवलं, नाडी बघितली. "आई, तिला झोप नाहीये. ती घाबरलीय," म्हणाली. मी म्हटलं, "गाब्रिएल देवदूत आला तेव्हा मरियासुद्धा घाबरली होती." करुणानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच दुसऱ्या मजल्यावर चुकून गेले आहे.

संयोजक भेटून गेले. उद्या रविवारी, शेवटच्या सभेत सासूबाईंची साक्ष व्हावी, देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगावं, असं त्यांनी ठरवलंय. शांतवन मुलगा म्हणून बोलतील, पाळक जोतीराम इंग्रजीत सांगतील, त्यावरून कोरियन. पाळकसाहेबांनी साताऱ्याला फोन लावून कळवलंसुद्धा. शांतवन दाढी करताना गात होते. किती वर्षांनी!

२६ ऑक्टोबर, संध्याकाळ

झालं ते झालं तसं लिहिते.

जेवणाच्या हॉलमध्ये ती इलकल नेसलेली बाई माझ्यासमोर येऊन बसली. एस्तेरबाई, गदगच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळं काही वर्षं सोलापुरात काढलेली, मराठी बरं बोलतात. सासूबाईंकडे बघून म्हणाल्या, "ताई, ह्या आज्जी कुठल्या सीमाभागातल्या? कन्नड किती जुनं बोलतात. माझी आजी तसं बोलायची."

मी म्हटलं, "यांना कन्नड येत नाही."

एस्तेरबाईंनी चमचा खाली ठेवला. "मग काल काय बोलत होत्या?"

मीच उलट विचारलं, "काय बोलत होत्या?"

"अव्वा, दार उघड, म्हणत होत्या. अव्वा म्हणजे आई. मी नीर आणलंय, पाणी आणलंय. आत बसव्वा रडतेय. दार उघड, दार उघड. तेच तेच. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

अब्बा नव्हे. अव्वा.

एस्तेरबाई उठून सासूबाईंच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसल्या आणि विचारलं, "अज्जी, ऊटा आतेन?" जेवलात का, एवढंच. मी सासूबाईंचा चेहरा बघत होते. सकाळपासून तो बंद घरासारखा होता. तो उघडला. दुसरा शब्दच नाही मला. त्या बोलू लागल्या, एस्तेरबाईंचा पदर मुठीत धरून, आणि थांबेचनात. एस्तेरबाई मध्ये मध्ये मला सांगत होत्या: जत तालुक्यात, उमदीच्या पुढं वस्ती. बाप भीमण्णा. धाकटी बहीण बसव्वा. आई आजारी आहे, तिला पाणी हवंय, विहीर लांब आहे.

"आजारी आहे म्हणतात, ताई. होती नव्हे. आहे."

करुणा माझ्या मागे उभी होती. ती माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "आई, मी सांगत होते ना?" रागानं नाही. फार हळू.

मी शांतवनना बाहेर नेलं, त्या पिवळ्या झाडांखाली. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाले, "देव कुठल्याही भाषेत बोलू शकतो. कन्नडमध्ये का नाही?"

"देव नाही बोलत ओ. तुमच्या आई बोलतायत. सात-आठ वर्षांच्या झाल्यात त्या. आजार आहे हा."

"काल तू रडलीस ते खोटं होतं?"

"नाही."

"मग आज माझ्याकडनं ते का काढून घेतेस?" त्यांनी झाडाच्या बुंध्याला हात टेकला. "पहिल्यांदा, सुलोचना. पहिल्यांदा मला वाटलं की तो ऐकतो."

मलाही तसंच वाटलं होतं. शांतवन उताराकडे चालत गेले. आता दिवे लागलेत, अजून ते आलेले नाहीत. उद्याची साक्ष जाहीर झालेली आहे. खाली हॉलच्या फलकावर सासूबाईंचा फोटो लागला आहे, हात पुढं केलेला.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी खिडकीतून दिसलं, अंगणातल्या बाकावर शांतवन, सासूबाई आणि एस्तेरबाई बसले होते. एस्तेरबाई सांगत होत्या, शांतवन मान खाली घालून ऐकत होते. मग शांतवननी आईच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं आणि दोनच शब्द बोलल्या. नंतर एस्तेरबाईंनी मला सांगितलं: "नी यार?" तू कोण?

सभेत काय बोलणार आहात, हे मी शांतवनना विचारलं नाही. मला भीती वाटत होती, खरं सांगण्याचीही आणि न सांगण्याचीही.

सभेत त्यांना आणि सासूबाईंना वर बोलावलं. मी आणि करुणा पुढच्या रांगेत. मोठ्या पडद्यावर सासूबाईंचा चेहरा, सुरकुतीन् सुरकुती दिसत होती. शांतवननी माइक घेतला आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. लोकांना वाटलं भारावलेत, टाळ्या पडल्या. मग ते मराठीत बोलू लागले.

"माझी आई परवा अन्य भाषेत बोलली असं आम्ही तुम्हाला सांगितलं. ते खरं नाही. ती कन्नड बोलली. ती तिच्या आईची भाषा आहे. मी तिचा एकुलता एक मुलगा, पण ती भाषा मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ती कुठली, तिला बहीण होती का, मी कधी विचारलं नाही. माझी आई आजारी आहे. ती मला ओळखत नाही. ती लहान मुलगी झालीय आणि आपल्या घराच्या बंद दारासमोर उभी आहे. दार उघडा म्हणतेय. मला ते उघडता येत नाही."

पाळक जोतीरामांनी पहिल्या वाक्याला शांतवनकडे चमकून पाहिलं. त्यांनी कालच साताऱ्याला काय काय सांगून ठेवलं होतं! पण त्यांनी शब्द बदलला नाही. इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यावरून कोरियन मुलीनं कोरियनमध्ये. एक वाक्य पायरी पायरीनं खाली उतरत होतं. आधी आम्ही चारपाच जणांनी मान खाली घातली, मग इंग्रजी समजणाऱ्यांनी, आणि मग तो एवढा मोठा जनसमुदाय एका क्षणी स्तब्ध झाला. कडेला उभा असलेला संयोजक कपाळाला हात लावून बसला.

मला वाटलं, आता कुणीतरी येऊन माइक काढून घेईल.

पास्टर हान उठले. काठी टेकत आले. शांतवनकडे न जाता सासूबाईंसमोर जमिनीवर बसले, त्यांच्या वयाला ते किती अवघड गेलं ते पडद्यावर दिसत होतं. हेडफोनमध्ये हिंदीतून आलं: मी कोरियाच्या उत्तर भागात जन्मलो. युद्धात बापाबरोबर इकडे आलो. आई आणि बहीण सीमेपलीकडे राहिल्या. आईचे शब्द मी किती वर्षांत ऐकले नाहीत. या सभेत माझ्यासारखे पुष्कळ आहेत. आपण बहुतेक वेळा शिकलेल्या शब्दांत प्रार्थना करतो. आता तशी करू नका. आईनं जे शब्द शिकवले, त्यात करा. या बहिणीसाठी करा.

जुयो, जुयो, जुयो.

पण या वेळी आवाज निराळा होता. पूर नव्हता. म्हाताऱ्या माणसांचा, तुटका, आत ओढलेला. माझ्या शेजारचे एक आजोबा, कोट-टाय घातलेले, लहान मुलानं आईला हाक मारावी तसे "ओम्मा, ओम्मा" म्हणत होते. आफ्रिकेच्या बायका, मंगोलियाचे बाप्ये, मागे एस्तेरबाईंचं कन्नड. आणि माझ्या तोंडून आलं ते, माझी आई पाटणच्या घरात शेणानं सारवताना म्हणायची ते, "देवा, पोरींस्नी सांभाळ." एवढंच. पुन्हा पुन्हा एवढंच.

सासूबाई मध्यभागी बसल्या होत्या. पास्टर हान यांच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं.

परवा जे वाटलं ते खरं होतं का, मला माहीत नाही. आज जे झालं त्याला काय म्हणतात, तेही माहीत नाही. अंगावरचा काटा मात्र अजून गेलेला नाही.

२८ ऑक्टोबर, विमानतळ

शांतवननी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "मी तुझ्यावर ओरडलो नाही ना परवा?" मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "ओरडायला हवं होतं का?" आणि हसले. करुणा तिच्या आजीला किमची भरवत होती. पाळकसाहेब एकटेच खिडकीशी बसलेत. साताऱ्यात काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत असावेत.

९ नोव्हेंबर, सांगली

मेंदूच्या डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंश आहे, बराच पुढं गेलेला. डॉक्टर म्हणाले, जे शेवटी शिकलं ते आधी जातं, जे आधी शिकलं ते शेवटपर्यंत राहतं. मराठी जाईल. कन्नड राहील, जितके दिवस राहील तितके. औषधानं फार फरक पडणार नाही.

"बऱ्या होतील का?" हे शांतवननी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कन्नड शिकायला किती दिवस लागतात?" डॉक्टर हसले, मग त्यांना कळलं की हा माणूस खरंच विचारतोय.

सासूबाई हल्ली अर्धपोटी उठतात. घास हातात घेतात, कान देतात, ताट सोडून दाराकडे जातात. वजन उतरलंय.

१७ नोव्हेंबर, सातारा

जतच्या पाळकांचा फोन. शांतवननी त्यांना कळवून ठेवलं होतं, त्यांनी उमदीत चौकशी केली. भीमण्णाची धाकटी पोर बसव्वा जिवंत आहे! लग्न होऊन त्याच वस्तीवर, मामाच्याच घरात दिलेली, म्हणून कुठं गेलीच नाही. तिचा मुलगा गुंडा डाळिंबाची बाग करतो.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. सातारा ते उमदी, सकाळी निघालं तर दुपारी पोचता येतं. आम्ही कोरियाला जाऊन आलो.

२४ नोव्हेंबर, उमदीहून परतताना

करुणा मिरजेत गाडीत चढली. जतच्या पुढं मुलूख मोकळा होत जातो, बाभळी, माळ, मध्येच हिरवी बाग, आणि दुकानांवरच्या पाट्यांची अक्षरं बदलत जातात.

वस्तीवर सगळं घर ओट्यावर जमलेलं. बसव्वा म्हणजे सासूबाईच, थोड्या उंच, कपाळाला भस्म. त्या पायांत चप्पल न घालता गाडीपर्यंत धावत आल्या, बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडू लागल्या. सासूबाईंनी त्यांना धरू दिलं. पण परक्या बाईचं सांत्वन करावं तशी पाठ थोपटली. ओळख नव्हती.

आत घोंगड्यावर बसल्यावर बसव्वा सांगू लागल्या. गुंडा मराठी करत होता.

"पटकीची साथ आली हुती म्हनं गावात. आज्जा आदीच गेल्याला. मग माजी आज्जी बी गेली. ही मावशी पान्याला गेल्याली, ती यायच्या आदी बायकांनी दार लावून घ्येतलं, पोरीनं बघू न्हाई म्हनून. अव्वा, ही माजी आय, आत हुती, लय बारकी. रडत हुती. भायेर मावशी दार बडवायची, पानी आनलंय म्हनायची. आतल्या बायकांनी काय उघडलं न्हाई. दुसऱ्या दिशी मिशनची मानसं आली, मावशीला घिऊन गेली. अव्वाला मामानं ठिवून घ्येतलं. मावशी जिवंत हाय का मेली, कुनालाच ठावं नव्हतं, बघा."

शांतवन भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. घर न्याहाळू लागल्या. वरचे वासे, कोनाडा, चूल. मग थेट बसव्वांपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि काहीतरी विचारलं, तोच बारीक आवाज. बसव्वांचा हात तोंडावर गेला.

मी गुंडाकडे बघितलं. "इचारत्यात, आवं, माजी बारकी भैन बगितली का? आत रडत हुती. आता आवाज ईना झाला."

बसव्वांनी पदरानं डोळे पुसले, नीट पुसले, आणि बहिणीचे दोन्ही दंड धरून तिला आपल्याशेजारी बसवलं. त्यांचं उत्तर गुंडानं आम्हाला हळू आवाजात सांगितलं.

"बगितली की. म्याच घेतली तिला. दार उघडलं, जेवू घातलं, पानी पाजलं. तू आनल्यालं पानी. आता गप निजलीया. तू बी चार घास खा."

सासूबाईंनी त्यांच्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं. मग खांदे खाली आले. इतके दिवस ते वर चढलेले होते, हे ते खाली आले तेव्हा मला कळलं.

ताटं आली. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दही. शांतवन प्रार्थनेशिवाय आजवर जेवायला बसलेले नाहीत. ते सवयीनं उभे राहिले, हात जोडले आणि तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. समोर बसव्वा भाकरीचा तुकडा मोडून, दह्यात बुडवून बहिणीला भरवत होत्या, आणि सासूबाई खात होत्या, शांतपणे, एकामागून एक. शांतवन तसेच उभे राहिले, हात जोडून, डोळे उघडे ठेवून, ताट रिकामं होईपर्यंत.